दुसरं रीडिंग

भालेरावमामा बोलायला लागले की नवख्या माणसाला वाटायचं, इथे भांडण जुंपलंय. "ताई, चहा झाला का?" एवढंच विचारायचे, पण असं की पलीकडच्या शेडचा वॉचमन मान वळवून बघायचा. मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मालकांकडे तक्रार घेऊन गेले होते, की हा माणूस माझ्या अंगावर ओरडतो. मालक हसले. म्हणाले, तो माझ्याही अंगावर ओरडतो, तुम्ही मनावर घेऊ नका.

मग मीही घेतलं नाही. भोसरी एमआयडीसीत हळू बोलतं कोण? एका बाजूला प्रेस धडधडतोय, दुसऱ्या बाजूला ग्राइंडर किंचाळतोय. आम्ही सगळेच ओरडतो, आणि घरी गेलो की घरचे म्हणतात, जरा हळू बोला, शेजारी ऐकतात. त्यामुळे मामांना कमी ऐकू येतं ही साधी गोष्ट सोळा वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. त्यांच्याही नाही. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी एका फोर्जिंग कंपनीत, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर, बावीस वर्षं काढली होती, कानात नुसता कापूस घालून. हे ते स्वतःच सांगायचे, तेही कौतुकानं. तरी आमची ट्यूब पेटली नाही. काय म्हणावं आम्हाला!

आमची कंपनी म्हणजे हीट ट्रीटमेंटची शेड. चाकणच्या, तळेगावच्या कारखान्यांतून पत्र्याला भोकं पाडायचे पंच, डाय, ड्रिल, कटर अशी हत्यारं येतात आणि आम्ही ते भट्टीत तापवून कडक करतो. त्यातला निवडक माल पुढे मामांच्या पेटीत जायचा. पेटी म्हणजे माणूसभर लांबीचा स्टीलचा डबा. आत नायट्रोजनची थंडी, शून्याच्या खाली एकशे ऐंशी-पंच्याऐंशी अंश. भट्टीतून निघालेल्या पोलादात काही भाग अर्धाकच्चा राहतो, तो या थंडीत नीट बसतो आणि हत्यार जास्त टिकतं. यात जादू काही नाही, मी स्वतः आधीचं आणि नंतरचं मोजलेलं आहे. फक्त थंडी हळूहळू द्यावी लागते आणि हळूहळूच काढावी लागते. घाई केली की लोखंड तडकतं.

हे हळूहळू प्रकरण मामांच्या अंगातच भिनलं होतं. "बसू द्या" हा त्यांचा शब्द. जेवणाचा डबा उघडला की दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून थांबायचे, मग पहिला घास. दोन पोरं शिफ्टवरून भांडत आली की ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बसू द्या जरा, उद्या बोलू. माझ्या मुलानं बारावीनंतर काय करावं यावरून आमच्या घरात रणकंदन माजलं होतं, तेव्हाही त्यांचा सल्ला तोच. मी वैतागून म्हटलं, मामा, पोरगं आहे ते, पंच नाही. तर म्हणाले, पोरात पण ताण असतो, ताई.

एकदा चाकणचा एक कारखानदार स्वतः गाडी घेऊन आला. त्याची लाइन बंद पडली होती, त्याला पंच आत्ताच्या आत्ता हवे होते. पेटीत अजून उणे साठ होतं. मामांनी एक पोतं आणलं, झाकणावर टाकलं आणि त्यावर जाऊन बसले. मालकांचा फोन आला, देऊन टाका म्हणून. मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि सांगितलं, उद्या सकाळी म्हणावं. तो माणूस तोंडाला येईल ते बोलला. मामांनी खिशातून शेंगदाणे काढले आणि त्याच्यापुढे धरले. शेवटी तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं येऊन पंच घेऊन गेला.

आता माझं काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी हार्डनेस बघते. मशीनची हिऱ्याची सुई मालात रुतते आणि काटा सांगतो की माल किती कडक झालाय. आमच्याकडे एक नियम आहे, मालकांच्या वडिलांपासूनचा. रीडिंगबद्दल शंका आली की दुसऱ्या माणसानं परत घ्यायचं. पहिल्यानं आपला आकडा त्याला सांगायचा नाही. दोघांचं सारखं आलं तर दोष मालाचा, आणि तो तुकडा परत प्रोसेसला जाणार. दुसरं रीडिंग बहुतेक वेळा माझं असायचं. मामा अभिमानानं सांगायचे, की ताईंचा काटा कुणाचं तोंड बघून हलत नाही. खरंच हलत नव्हता. गिऱ्हाइकानं विनवण्या केल्या, मालकांनी डोळे वटारले, तरी मी अर्धा आकडासुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही.

मग आमच्याकडे पुण्याहून एक निवृत्त साहेब यायला लागले. पोरांनी त्यांचं नाव वायरवाले साहेब ठेवलं. गाणी ऐकण्याचा त्यांना भारी शौक. टॉवेलात गुंडाळून ते वायरी, प्लग, फ्यूज, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह, एकदा तर गाण्यांच्या सीड्या घेऊन आले, आणि सगळं मामांच्या पेटीत लावून द्या म्हणाले. त्यांनी मामांना कागदावर काढून समजावलं. तांब्याची वायर खेचून बारीक करतात, तेव्हा तिच्या कणाकणांत ताण राहतो. कणांच्या हद्दीवर इलेक्ट्रॉन अडखळतो. थंडी दिली की कण नीट बसतात, इलेक्ट्रॉन सरळ वाहतो आणि गाण्यातलं बारीकसारीक ऐकू यायला लागतं.

मी मेटलर्जीचा डिप्लोमा केलेली बाई. मला ते पटेना. पोलादात थंडीनं जे बदलतं ते तांब्यात नसतंच मुळी. मी मामांना म्हटलं, अहो, वायरीतला इलेक्ट्रॉन गोगलगायीपेक्षाही हळू सरकतो, तो कसला अडखळतोय! मामांना एवढंच आवडलं. "हळू सरकतो ना? मग शहाणा आहे," म्हणाले, आणि वायरी पेटीत लावायला गेले.

साहेबांनी एकदा मामांना घरी नेलं. दोन कपाटाएवढे स्पीकर आणि त्यांच्यासमोर एकच खुर्ची. खुर्चीत मामांना बसवून साहेबांनी एक गाणं आधी साध्या वायरीवर लावलं, मग पेटीतून निघालेल्या वायरीवर, आणि विचारलं, फरक जाणवला का? मामांनी नीट विचार करून सांगितलं की साहेब, आधी चांगलं होतं, नंतरही चांगलंच आहे, आणि खुर्ची फारच चांगली आहे. साहेब नाराज झाले. आम्ही कॅन्टीनमध्ये आठ दिवस हसत होतो. पण त्या कागदावरचं चित्र मामांनी घडी घालून पाकिटात ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मामांची बायको कांताबाई. त्यांच्या वस्तीत जयंतीला बायका गायच्या, त्यात ती सगळ्यांच्या पुढे उभी असायची. मी तिला पाहिलेलं नाही. मी लागले त्याच्या आदल्याच वर्षी ती गेली, काविळीनं, पंधरा दिवसांत. तिचा आवाज एकाच कॅसेटवर होता. मुलगी वंदना दोन वर्षांची असताना मामांनी टेपरेकॉर्डर आणला आणि कांताबाईंना पाळणा म्हणायला बसवलं. पाळणा संपता संपता पोरगी झोपते. मग कांताबाई अगदी दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणतात, "झोपली बघा. बंद करा आता." आणि खट्ट करून टेप बंद. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी. दर गुरुवारी जेवण झालं की मामा ती कॅसेट ऐकायचे. गाणं तर त्यांना प्यारं होतंच, पण खरी ओढ त्या शेवटच्या कुजबुजीची. गाणं तिनं वस्तीसाठीही म्हटलं होतं, ते मला एकदा म्हणाले, हे एवढंच माझ्यासाठी.

आणि ती कुजबुज त्यांना ऐकू येईनाशी झाली. गाणं येतं, मग नुसती फस्स, मग खट्ट. एक-दीड वर्ष ते हेच सांगत होते. टेपचा हेड बदलून झाला, पट्टा बदलून झाला. मग वायरवाल्या साहेबांची वाट धरली. घरच्या टेपच्या वायरी आणल्या, पेटीत लावल्या. मग प्लग. मग फ्यूज. एकेक वस्तू दोन दिवस पेटीत, मग आठ दिवस कपाटात, बसू द्यायला. आम्ही चेष्टा करायचो, मामा, आता भिंतीतली वायरिंग उपटून आणा. ते हसायचे. ज्या माणसानं आयुष्यभर धातूतला दोष शोधला, त्याला दोष धातूतच दिसणार. आपल्या कानात काही बिघडलं असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. आणि आम्ही मूर्खासारखे हसत बसलो. वंदना तळेगावला दिली होती. ती म्हणायची, बाबा, एकदा मोबाइलवर उतरवून घ्या. त्यालाही तयार नाहीत. दुकानदाराच्या हातात टेप द्यायची आणि त्याच्या मशीननं ती चावली तर?

एका गुरुवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वंदना आली होती. तिनं वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. जेवण झाल्यावर मामांनी टेप मांडला. वंदना लगेच उठून बाहेर गेली. आईचा आवाज तिला सोसत नाही, म्हणून त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. मला म्हणाले, "ताई, तुम्ही दुसरं रीडिंग घ्या. शेवटी काय येतं ते सांगा."

खरं तर नियम तिथेच मोडला होता, कारण पहिलं रीडिंग मला ठाऊक होतं. मी तेव्हाच हात जोडून उठायला हवं होतं. नाही उठले. टेप सुरू झाला. कांताबाईंचा आवाज जाडसर, भरलेला, घशात थोडी खरखर. मामा माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. पाळणा संपला. आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं, अगदी माझ्या कानाशी कुणी बोलावं तसं. झोपली बघा. बंद करा आता.

मामा पुढे झुकले होते, मान तिरकी करून, तोंड जरासं उघडं ठेवून. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की अरे देवा, हा माणूस बहिरा होत चाललाय. सोळा वर्षांचं ते ओरडणं, समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं, सगळं एकदम कळलं. काय सांगायचं? की ती बोलतेय हो, फक्त तुम्हालाच ऐकू येत नाही? त्यांनी मान वर केली आणि विचारलं, आलं का काही? त्यांचा चेहरा असा होता की मला वाटलं, याला निदान एकटं तरी वाटू नये.

मी म्हटलं, "नाही हो मामा. नुसती फस्स आहे."

त्यांनी सुस्कारा टाकला. बरं वाटल्यासारखा. घरी परतताना कासारवाडीपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते, की पुढच्या आठवड्यात सवडीनं सांगू, डॉक्टरकडे नेऊ. पुढच्या आठवड्यात एक मोठी ऑर्डर आली. मग मुलाची अ‍ॅडमिशन निघाली. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मामांनी मात्र माझं रीडिंग खरं धरलं होतं. दोघांचं सारखं आलं, म्हणजे दोष वायरचा नाही, मशीनचा नाही, मालाचा. आणि दोष मालाचा असेल तर तुकडा परत प्रोसेसला. साहेबांच्या सीड्या पेटीतून धडधाकट निघाल्या होत्या, मग कॅसेटला काय होतंय? त्यांनी ती कॅसेट पेटीत लावली. मला विचारलं नाही, कारण विचारायचं काय उरलं होतं? मी सांगून बसलेच होते. आणि जे केलं ते त्यांनी जिवापाड केलं. इतक्या सावकाश थंडी दिली की पोलादाला कधी दिली नसेल. काढून दहा दिवस कपाटात ठेवली, दमट हवा लागू नये म्हणून सुती कापडात बांधून. सोमवारी मला आनंदानं सांगितलं, ताई, कॅसेट पेटीत लावली होती बरं का, गुरुवारी ऐकणार. मी धावत जाऊन टेपवाल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, बाई, पट्टी प्लॅस्टिकची, वरचा थर चिकटवलेला, एवढ्या थंडीत तो धरेल का सांगता येत नाही. मी संध्याकाळी मामांना म्हटलं, वाजवू नका, आधी कुणाला तरी दाखवू. तेव्हाही खरं बोलले नाही. ते म्हणाले, बघू की.

शुक्रवारी ते कामावर आले आणि कुणाशीही मोठ्यानं बोलले नाहीत. दुपारी माझ्या टेबलावर त्यांनी कागदाची पुडी ठेवली. आत तपकिरी भुकटी होती, टेपच्या हेडवरून पुसून काढलेली. पहिल्या दोन ओळी आल्या, म्हणाले, मग आवाज तुटायला लागला, मग काहीच नाही. मी घाईत बंद केला नाही, ताई, मला वाटलं पुढे येईल. मी त्या पुडीकडे बघत राहिले आणि माझ्यानं रडवलंसुद्धा नाही.

दोनेक महिन्यांनी कंपनीत तपासणीची गाडी आली. डोळे, रक्त, कान, सगळं. मामांच्या कानाचा कागद बघून त्या डॉक्टर मुलीनं त्यांना वंदनाला घेऊन यायला सांगितलं. दोन्ही कानांना मशीन आलं. बारीक आवाज सगळ्यात आधी जातात, आजोबा, असं तिनं त्यांना समजावलं. कुजबुज, पाखरं, भांड्याची किणकिण. तुमचे जाऊन बरीच वर्षं झाली असणार.

त्यानंतर आठवडाभरानं त्यांनी काम सोडलं. वंदना त्यांना तळेगावला न्यायला आली होती. गेल्या थंडीत ते तिथेच वारले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं, त्यामुळे काम सोडलं त्या दिवशीचं ते माझं शेवटचं बघणं. पेटीची चावी मालकांना देऊन ते माझ्या केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं आणि समोर बसले. कानात ती दोन छोटी मशीन. बोलले ते अगदी हळू. मामांचा खरा आवाज असा होता हे मला तेव्हा कळलं.

"ताई, कांता बोललेली तुम्हाला ऐकू आली होती ना?"

मी हो म्हटलं.

"मग नाही असं का म्हणालात?"

"तुमचं तोंड बघवलं नाही मला, मामा."

ते म्हणाले, "पंच असता तर नाही म्हणाला असतात तुम्ही?"

"नाही."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असं फार वाटलं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला. माफी वगैरे त्यांना नको होती. त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारायला त्यांना जड जात होतं.

"कशी म्हणाली ती? दमून म्हणाली का हसून? मला आठवेना झालंय."

हसून म्हणाल्या, हे सांगणं किती सोपं होतं. ओठावर आलंही होतं. पण त्या खोलीत ते हार्डनेसचं मशीन होतं, ती सुई होती, आणि मी एकदा खोटं रीडिंग देऊन चुकले होते.

"दमून," मी म्हटलं. "फार दमलेल्या होत्या."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता, म्हणाले. भांडी घासून आली होती. टेप नवा होता म्हणून मीच हट्ट करून बसवलं. मग डोळे पुसले, उठले, पुन्हा बसले.

"तसं म्हणून दाखवता का? ती म्हणाली तसं?"

मला गाता येत नाही, नक्कल येत नाही. पण तो आवाज माझ्या कानात होता, आणि आता जगात माझ्याच कानात होता. मी टेबलावर पुढे झुकले आणि जितक्या दमलेल्या, दबक्या आवाजात जमेल तितक्या आवाजात म्हटलं, झोपली बघा, बंद करा आता.

मामा डोळे मिटून बसले होते. आलं, म्हणाले. बाहेर वंदनानं स्कूटर चालू केली, प्रेस धडधडत होता, कुणीतरी लोखंडी पट्टी फरशीवर टाकली. त्यांनी दोन्ही कानांतली मशीन काढली, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि निघाले. मी गेटपर्यंत गेले. वंदना स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी विचारत होती. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि तिच्या मागे जाऊन बसले.